सत्तावन्नची बेल एअर: क्रोम जरा अतीच झालंय का?

चमकपुरे:
शेव्हरोले बेल एअर, ती पन्नाशीच्या दशकातली अमेरिकी गाडी, म्हटलं की जो तो 1957 चं मॉडेल डोक्यावर घेतो. मला विचाराल तर 1955 चीच गाडी देखणी. फेरारीवरून सुचलेली ती तोंडावरची चौकटीचौकटींची जाळी, नितळ बाजू, मोजकं क्रोम. सत्तावन्नला काय केलं? बॉनेटवर दोन रॉकेटं, पुढच्या बंपरला टोकदार फुगवटे, मागच्या फेंडरवर, म्हणजे चाकांवरच्या भागावर, रेघारेघांचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि वर जाळीला सोनेरी रंग. घरातलं सगळं सोनं अंगावर चढवून मांडवात आलेली वरमाईच!

गॅरेजकर:
साफ असहमत. वरमाई नटणारच की! नवी बॉडी वेळेत तयार झाली नाही, म्हणून तिसऱ्या वर्षीही जुन्याच सांगाड्यावर भागवायचं होतं. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर तेच, 115 इंच. आणि समोर स्पर्धेत क्रायस्लरचा डिझायनर व्हर्जिल एक्सनर याच्या उंच फिनवाल्या (मागच्या टोकाला माशाच्या परांसारखे उभे पंख असलेल्या) गाड्या. मग चाकं 15 वरून 14 इंचांवर आणून गाडी खाली बसवली, दोन्ही टोकं लांबवली. हेडलाइटच्या वरच्या खाचा नीट बघा. नक्षी वाटते, पण केबिनमध्ये हवा तिथूनच जाते. डाव्या फिनच्या मागच्या कडेची क्रोमची पट्टी बिजागरीवर उघडते, आत पेट्रोलचं झाकण. बंद केली की उजव्या बाजूसारखीच दिसते, शोधून सापडत नाही.

चमकपुरे:
झाकण लपवायची युक्ती 56 मध्येच होती, डाव्या टेललाइटच्या मागे. हवेच्या खाचा ठीक, पण रॉकेटांतून काय आत जातं? आणि एवढं नटूनही त्या मॉडेल-वर्षात फोर्डने मागे टाकलंच ना?

वाचनमात्र:
खपावरून रूप ठरवायचं तर बोलणंच खुंटलं. 57 चीच शेव्हरोलेची स्वस्तातली वन-फिफ्टी बघा. फिन तेच, पण जाळी सोनेरी नाही, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा नाही, आणि बाजूची पट्टी जवळपास 55 च्या बेल एअरची. (मला तीच आवडते, हे उघडच आहे.)

गॅरेजकर:
म्हणजे भांडण फिनचं नाहीच, सोन्याचं आहे. फिन काढा म्हणणारा अजून कोणी आलेला नाही, नोंद घ्यावी. पण बेल एअर हे वरचं मॉडेल. जादा पैसे मोजणाऱ्याला ते लांबून दिसायला नको?

चमकपुरे:
वन-फिफ्टी चालेल. रॉकेटं काढून.

गॅरेजकर:
काढ. बॉनेटची भोकं बुजवायला मी येणार नाही.