मदत हवी आहे: फुलदाणी बल्बखाली जांभळी, ट्यूबखाली निळी. फसलो का?

नमस्कार. मुक्काम डिचोली. चवथीच्या आधी घर रंगवायला काढलं आणि दोन काचांनी डोकं खाल्लं आहे.

पहिली काच म्हणजे फुलदाणी. मडगावात जुन्या सामानाच्या एका दुकानातून घेतली. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली ती फिकट जांभळी दिसत होती, कोरांटीच्या फुलासारखी. घरी ट्यूबखाली ठेवली तर निळसर राखाडी! बायको म्हणाली, "दुसरीच बांधून दिली तुम्हाला." सकाळी पडवीतल्या उन्हात नेली, परत जांभळी. वरून रंग लावलाय म्हणावं तर नखाने खरवडून काही निघत नाही.

दुसरी काच माडीवरच्या खिडकीची. आजोबांच्या वेळचं तावदान, वांगी झाक असलेलं, सुताराच्या हातून फुटलं. तुकडे उचलताना दिसलं की लाकडाच्या खाचेत बसलेली कड अगदी बिनरंगी आहे. मग बाकीच्या काचेला रंग आला कुठून?

धातूच्या ऑक्साइडने काच रंगते एवढं शाळेतलं आठवतं. पण कोबाल्टची निळी बाटली कुठेही ठेवा, निळीच. मग ही फुलदाणी का पालटते? घरी तपासायचा काही मार्ग आहे का?

गजालवाला: पावती आहे ना? परत करून मोकळे व्हा.

निवृत्त मास्तर, फोंडा: परत मुळीच करू नका!

आधी तावदान, ते सोपं आहे. वाळूत लोह असतंच, म्हणून साध्या काचेची कड हिरवट दिसते. तो हिरवटपणा मारायला पूर्वी मँगनीज डायऑक्साइड घालत. काचकामवाले त्याला साबणच म्हणत. काचेतलं द्विसंयुजी मँगनीज जवळजवळ बिनरंगी असतं. उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षं त्याचा एकेक इलेक्ट्रॉन काढून घेतात, ते त्रिसंयुजी होतं आणि जांभळं दिसू लागतं. खाचेतल्या कडेला ऊन लागलंच नाही. तुमच्या तावदानाने पुरावा स्वतःच जपून ठेवलाय.

फुलदाणीत मात्र निओडिमियम ऑक्साइड असावं. कोबाल्टचे रंग देणारे इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात असतात, शेजारच्या ऑक्सिजनचा त्यांना धक्का लागतो, म्हणून ते प्रकाशाचा रुंद पट्टा गिळतात. निओडिमियमचे इलेक्ट्रॉन आत, जणू माजघरात. शेजाऱ्यांचा त्रास कमी, म्हणून पट्टे अरुंद, आणि सगळ्यात ठळक पट्टा पिवळ्यात, ५८० नॅनोमीटरच्या आसपास. ऊन आणि तारेचा बल्ब यांच्यात सगळे रंग सलग असतात. त्यातून पिवळा वजा झाला की जांभळट उरतं. ट्यूबचा प्रकाश तुटक असतो. नळीतल्या पाऱ्याच्या वाफेच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या रेषा, वर नळीच्या आतल्या चमकत्या लेपाचे पट्टे. त्यामुळे तोल निळ्याकडे झुकतो. १८८५ साली वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने 'डिडिमियम'मधून (तोवर एकच मूलद्रव्य समजलेल्या मिश्रणातून) निओडिमियम वेगळं केलं. काच फुंकणारे डिडिमियमचे चष्मे घालतात तेही याचसाठी: ज्योतीतली सोडियमची ५८९ची पिवळी झगमग नेमकी त्या पट्ट्यात अडकते.

आता तपासणी. खोलीत अंधार करा, तारेचा साधा बल्ब लावा. पुठ्ठ्याला बारीक चीर पाडून त्यातूनच उजेड येऊ द्या. जुन्या सीडीवर त्याचं इंद्रधनुष्य पाडा आणि फुलदाणी चिरेसमोर धरा. पिवळ्यात काळी रेघ दिसली तर समजा. सूर्याकडे बघून हा प्रयोग करू नका, एलईडीवरही नको.

धागाकर्ता: मास्तर, केलं! बल्ब मिळेना, शेवटी देवघरातला काढला. सीडी पोराच्या जुन्या कार्टूनची. फुलदाणी समोर धरताच पिवळ्याच्या जागी सरळ काळी फट, हलवली की नाहीशी. खात्रीसाठी कोबाल्टची बाटलीही धरली. फट नाही, पिवळ्याच्या आजूबाजूचा सगळा भागच मंदावला.

एकच राहिलं. नवं तावदानही कालांतराने जांभळं होईल का? बाकीच्या पाच तावदानांशी जुळलं असतं.

निवृत्त मास्तर, फोंडा: अवघड आहे. हल्लीच्या साध्या काचेत सहसा मँगनीज घालत नाहीत. जुने तुकडे टाकू नका, कड असलेला तर मुळीच नको. पुढच्या रविवारी मी डिचोलीला येतोय, बघायचाच आहे.

धागाकर्ता: या की. बायकोने हॉलमधली ट्यूब काढून पिवळा बल्ब लावायला सांगितलाय, देवघरातला अजून परत गेलेला नाही.