'चार्टर स्कूल'ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतल्या शिक्षणधोरणावरचा एक लेख मराठीत आणते आहे. 'चार्टर्ड अकाउंटंट' म्हणजे सनदी लेखापाल, म्हणून 'चार्टर स्कूल'साठी 'सनदी शाळा' लिहिलं. पण वाचताना ती कुणा बड्या संस्थेची खासगी शाळा वाटते. प्रत्यक्षात ती सार्वजनिक शाळाच असते. फी नाही, पैसा सरकारचा, कारभार मात्र स्वतंत्र. दुसरा शब्द सुचतो का?

— ताई, 'सनदी' नकोच. सनद म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या चालणारं इनाम आठवतं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या, सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, त्याही हक्काच्याच. चार्टर हा असा हक्क नव्हे. तो बहुधा तीन ते पाच वर्षांचा करार असतो. मुलं ठरल्याप्रमाणे शिकली नाहीत तर शाळा बंद होऊ शकते. 'करार शाळा' म्हणा.

— 'करार' म्हटलं की आपल्याकडे कंत्राटी शिक्षक डोळ्यांसमोर येतो, म्हणून मला तो शब्द पटत नाही. आणि सनदेलाही मुदत असायची की! ईस्ट इंडिया कंपनीची सनद १७९३, १८१३, १८३३ अशी दर वीस वर्षांनी पार्लमेंटपुढे यायची. शाळेत आपण 'सनदी कायदे' म्हणून तेच शिकलो. त्यातल्या १८१३ च्या कायद्यात हिंदुस्थानातल्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये ठेवले होते. हा अर्थ मराठीत मुरलेला आहे, तो सोडू नये.

मला जास्त काळजी वाटते ती सनद देणाऱ्याच्या नावाची. १९९१ मध्ये मिनेसोटाने असा पहिला कायदा केला, तेव्हा जास्तीत जास्त आठ शाळांना मुभा होती आणि स्थानिक शाळा मंडळाची मंजुरी लागायची. म्हणजे नवी शाळा ज्याचे विद्यार्थी ओढून नेणार, त्याच्याच हातात परवानगी! पुढे अनेक राज्यांनी विद्यापीठांना किंवा वेगळ्या मंडळांनाही हा अधिकार दिला. मग देखरेख किती काटेकोर राहणार, हा वाद आलाच. कायद्याचा सगळा कस इथे लागतो. 'मान्यता देणारी संस्था' लिहिलंत तर हे हरवेल, कारण आपल्याकडे मान्यता मिळाली की विषय संपतो. सरळ 'सनद देणारी संस्था' लिहा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर तिथे चिठ्ठ्या काढतात, त्याला 'सोडत' म्हणा. आरटीईच्या २५ टक्के प्रवेशांमुळे तो शब्द घरोघरी माहीत आहे.

— पटलं, दादा. पहिल्यांदा 'मुदतीच्या सनदेवर चालणारी सार्वजनिक शाळा' लिहीन, पुढे 'सनदी शाळा'. एक अडलंय. मुदत संपल्यावर सनद पुढे न वाढवणं आणि मध्येच ती काढून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला 'सनद रद्द' चालेल. पहिलीला काय म्हणू?