पब्लिक एपीआय मोडला तर सीआयने मर्ज अडवावं का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

प्रश्न असा: लायब्ररीचा पब्लिक एपीआय, म्हणजे बाहेरच्यांना वापरायला दिलेली फंक्शनं आणि टाइप, मोडणारा बदल आला तर सीआयने, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेने, तो मर्ज होऊ (मुख्य कोडमध्ये मिसळू) द्यावा का? फेब्रुवारी २०२२ मधला मार्कअपसेफ या लायब्ररीचा गोंधळ पायथनवाल्यांना आठवत असेल. २.१.० आवृत्तीत सॉफ्ट_युनिकोड हे फंक्शन काढून टाकलं. मार्कअपसेफ वापरणाऱ्या जिंजा या टेम्प्लेट लायब्ररीच्या जुन्या २.११ मालिकेत ते थेट इंपोर्ट केलेलं होतं आणि मार्कअपसेफच्या आवृत्तीला खालची मर्यादा घातलेली, वरची नाही. झालं! स्वतःच्या कोडची एक ओळही न बदलता कित्येकांची, जिंजा वापरणाऱ्या फ्लास्क या वेब फ्रेमवर्कवरची जुनी अ‍ॅप्स इंपोर्ट एररने आडवी झाली. फंक्शन जाणार ही सूचना २.० पासून होती, मान्य. पण वाढला तो मधला आकडा, पहिला नाही. रूढ संकेत असा की पहिला (मेजर) आकडा मोडणाऱ्या बदलांसाठी, मधला (मायनर) नुसत्या भरीसाठी, शेवटचा (पॅच) दुरुस्तीसाठी.

आकडा माणसाने ठरवायचा म्हटलं की असंच होणार. एल्म भाषेत ते माणसाच्या हातातच ठेवलेलं नाही. पॅकेज प्रसिद्ध करताना आधीच्या आवृत्तीचे टाइप आणि नवे टाइप ताडून पाहिले जातात आणि मेजर, मायनर की पॅच हे टूल सांगतं. रस्टला कार्गो-सेमव्हर-चेक्स आहे, गोला एपीआयडिफ, जावाला जापीकम्प. साधनं फुकट आहेत, तरी आपण रिव्ह्यू करणाऱ्याच्या नजरेवर विसंबतो.

माझं मत: ही तपासणी सीआयमध्ये हवी आणि मोडलं तर मर्ज अडलंच पाहिजे. नुसता पिवळा इशारा नको, तो कोणी वाचत नाही.

जावाबा

जोरदार असहमत.

ही साधनं आकार (नावं, टाइप) बघतात, वागणूक नाही. २०१० च्या शेवटी फेडोरा १४ आलं तेव्हा जीलिबसी या लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीमधल्या मेमकॉपी या मेमरी कॉपी करणाऱ्या फंक्शनने काही प्रोसेसरांवर बाइट उलट्या दिशेने कॉपी करायला सुरुवात केली होती. फंक्शनचं नाव तेच, पॅरामीटर तेच, आणि एकमेकांवर चढलेल्या बफरांसाठी (मेमरीच्या तुकड्यांसाठी) ते वापरू नका हे दस्तऐवजात पहिल्यापासून लिहिलेलं. तरी फ्लॅश प्लेयरचा आवाज खरखरायला लागला, कारण तिथे नेमकं तेच केलेलं होतं. कुठलं एपीआय-डिफ हे पकडणार होतं? गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हाच: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही कधीही न दिलेल्या वचनावरसुद्धा कोणीतरी विसंबून असतं.

वर हिरवी टिक दिसली की रिव्ह्यू करणारा डोळे मिटतो, ते वेगळंच.

रात्रपाळी

मांजर उंदीर पकडतं. झुरळं पकडत नाही म्हणून कोणी त्याला घराबाहेर काढत नाही.

आणि माणसाला काय दिसतं ते पण सांगतो. रस्टमध्ये एका पब्लिक स्ट्रक्टच्या आत, खाजगी फील्डमध्ये, आर्कच्या जागी आरसी टाका (दोन्ही सामायिक पॉइंटर, पण दुसरा एकाच थ्रेडपुरता). पब्लिक लिहिलेली एकही ओळ बदललेली नाही. पण तो टाइप आता सेंड राहिला नाही, म्हणजे जो कोणी तो दुसऱ्या थ्रेडकडे पाठवत होता त्याचं कंपाइल थांबलं. डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) दिसते एक निरुपद्रवी ओळ. ही गोष्ट रिव्ह्यूमध्ये तुमच्या लक्षात येईल? माझ्या नाही येत.

निद्रिस्त_नोड

हे उदाहरण भारी आहे, पण रस्टचंच दुसरं घ्या. जुलै २०२४ मध्ये रस्ट १.८० आलं. त्यात स्टँडर्ड लायब्ररीने काही काढलं नव्हतं, उलट बॉक्स-एसटीआर या टाइपसाठी एक नवं इम्प्लिमेंटेशन *वाढवलं*. त्यामुळे टाइप इन्फरन्सला (न लिहिलेला टाइप कंपायलरने ओळखण्याला) एकाऐवजी दोन पर्याय दिसू लागले आणि टाइम या क्रेटच्या (रस्ट लायब्ररीच्या) ०.३.३५ आधीच्या आवृत्त्या कंपाइल होईनात. तरी रस्टच्या धोरणानुसार असा बदल मेजर धरत नाहीत. का? तो मेजर धरला तर कुठेही काहीही वाढवणंच बंद होईल.

म्हणजे 'ब्रेकिंग' काय हे निसर्गनियमाने ठरत नाही, प्रकल्प ठरवतो. ज्याची व्याख्याच धोरणावर अवलंबून, त्यावर यंत्राने मर्ज अडवायचं? मी एक छोटी लायब्ररी एकट्याने सांभाळतो. प्रत्येक खुट्ट झाल्यावर मेजर वाढवला तर वर्षभरात १९.० वर पोचेन आणि लोक अपग्रेड करणंच सोडतील.

गोडबोले_नाही

तुम्ही सगळे लायब्ररी लिहिणारे. मी बिचारा वापरणारा, माझे दोन आणे.

एका पेमेंट लायब्ररीच्या (नाव नको) पॅच आवृत्तीत एका पॅरामीटरचं नाव बदललं. क्रमाने आर्ग्युमेंट देणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. आम्ही नावाने देत होतो. महिनाअखेरची बिलं रात्री दोन वाजता अडकली. तक्रार केली तर उत्तर: "पॅरामीटरचं नाव आमच्या एपीआयचा भाग नाही." अहो, पायथनमध्ये नाही कसं?

म्हणून अडवा की नको हा वाद मला पुढचा वाटतो. आधी पब्लिक काय ते लिहून काढा. कोटलिनवाले ते डॉट-एपीआय फाइलमध्ये रेपोतच ठेवतात, डॉटनेटमध्ये शिप्ड आणि अनशिप्ड अशा दोन यादी-फाइली ठेवतात. एपीआय हलला की ती फाइल हलते आणि कमिटमध्ये लख्ख दिसते. पुढचं माणूस बघेल.

रात्रपाळी

फाइलीची कल्पना एकदम मान्य. पण शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता ती फाइल उघडून न बघता कोणीतरी 'अप्रूव्ह' दाबणारच. जावाबा, एवढा विरोध करताय, तुमच्याकडे काय लावलंय?

जावाबा

जापीकम्प. दोन वर्षं झाली. बसवलं मीच, अडवणं बंदही मीच केलं. :)

रात्रपाळी

अहो मग का बंद केलं ते लिहा की!

जावाबा

तुलना आदल्या रात्रीच्या बिल्डशी होत होती. सोमवारी कोणी नवी मेथड टाकायचा, मंगळवारी तिचं नाव बदलायचा, की मर्ज अडलं. ती मेथड एकाही गिऱ्हाइकापर्यंत पोचलेली नसायची. दोन महिन्यांत सगळ्यांनी तपासणी वगळायचा फ्लॅग पाठ केला, मग ठेवून काय उपयोग?

निद्रिस्त_नोड

हाहा. म्हणजे तुलना शेवटच्या रिलीझशी लावायची राहिली होती.

जावाबा

हो. हा धागा वाचताना तेच डोक्यात आलं. सोमवारी बेसलाइन बदलतो आणि महिनाभर अडवणं परत चालू करून बघतो. मेमकॉपी मात्र तरीही पकडली जाणार नाही, हे लिहून ठेवा.