मेलमधली लिंक दाबली आणि ढिम्म! आपापले अनुभव येऊ द्या

निळीशाई
काल रात्री आईचा फोन. "अगं, ते निळं दाबतेय, काही होतच नाही." दहा मिनिटं "जरा धरून ठेव", "आता सोड" असं चाललं होतं आणि मला एकदम २००५ साल आठवलं.

नोकरीच्या परीक्षेचा अर्ज. मेलवर लिंक आली होती, ती उघडून रात्री बाराच्या आत पासवर्ड ठेवायचा. लिंकवर नेलं की बाणाचा हात व्हायचा, दाबलं की वाळूचं घड्याळ एकदा दिसायचं आणि परत बाण. एरर नाही, काही नाही. कॉपी करायचं सुचलंच नाही (हसू नका, संगणक हाताळायला लागून सहा महिने झाले होते). मी ती अख्खी लिंक वहीत उतरवली. पेन्सिलीने! मग ब्राउझर उघडून, वहीवर बोट ठेवून एकेक अक्षर टाइप केलं. "पान सापडत नाही." असं चारदा. पाचव्यांदा भाऊ मागून डोकावला, "ताई, हा एक आहे की एल?" एल होता. आणि त्यापुढचा ओ म्हणजे शून्य. अकरा चाळीसला उघडली एकदाची.

कारण नंतर कळलं. आदल्या आठवड्यात हौसेने दुसरा ब्राउझर टाकून, कंटाळून काढूनही टाकला होता. मेलचा प्रोग्राम पान स्वतः उघडत नाही, तो विंडोजला विचारतो की हे कोणाकडे सोपवू. विंडोजकडे अजून त्या काढलेल्याचाच पत्ता. म्हणजे भाडेकरू गेला तरी दारावर पाटी त्याचीच.

तुमचे किस्से लिहा. उपाय सापडला असेल तर तोही.

खटपट्या
तुमचा घोळ निदान गुपचूप तरी होता. मला एरर यायची: या संगणकावरच्या निर्बंधांमुळे ही क्रिया रद्द केली आहे, सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला भेटा. अहो घरचा संगणक, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच. कोणाला भेटू?

भानगड तीच, काढून टाकलेला ब्राउझर. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, डॉट एचटीएमएलची (वेबपानांची) नोंद असते, तिथे त्याचं नाव उरलं होतं. ते खोडून 'htmlfile' लिहिलं, चालू. पण रजिस्ट्रीची प्रत आधी काढून ठेवा. मी ठेवली नव्हती आणि पुढे जे झालं त्याला वेगळा धागा लागेल. आता इतकं करायचीही गरज नाही. सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये जायचं, हवा तो ब्राउझर आधीच निवडलेला दिसला तरी मुद्दाम दुसरा निवडायचा आणि मग परत पहिला. नोंदी नव्याने लिहिल्या जातात.

हुश्श
"कोणाला भेटू" हसून हसून पुरेवाट

उंबरठा
माझी आत्ताच उघडत नाहीये, वाचायला आले तर सगळे २००५ मध्ये. कोणी आहे का जागं?

सवडीने
आमच्या ग्रुपच्या मेलमध्ये मराठी मथळ्याच्या लिंका यायच्या, एकही धड उघडायची नाही. अर्धीच निळी, पुढची काळी. निळ्यावर दाबलं की साइट उघडणार पण पान नाही.

मेल हा प्रकार वेबपेक्षा बराच जुना. रे टॉमलिन्सनने पहिला मेल पाठवला १९७१ मध्ये, तेव्हा लिंक कशाशी खातात हे कोणाला माहीत. मेलची ओळ ७८ अक्षरांच्या आत ठेवा अशी शिफारस आहे. साध्या मजकुराच्या मेलमध्ये कित्येक प्रोग्राम लांब ओळ मोडतात, की लिंकचे दोन तुकडे. आणि मराठी लिंक लांब होते म्हणजे किती? देवनागरीचं प्रत्येक चिन्ह पत्त्यात सांकेतिक रूपात जातं, टक्क्याच्या खुणांसकट ९ अक्षरं खातं. काना, वेलांटी वेगळी धरायची. नुसता 'मराठी' शब्द घ्या: म, र, काना, ठ, वेलांटी, म्हणजे ५ नवे ४५. असे तीन शब्द झाले तरी दीड ओळ पुरत नाही.

आम्ही पाठवणाऱ्याला लिंक टोकदार कंसात टाकायला सांगितलं, बऱ्याच प्रोग्रामना मग ती एकसंध समजते. नाहीतर दोन्ही तुकडे नोटपॅडमध्ये जोडायचे, मधली मोकळी जागा काढायची, मग ब्राउझरमध्ये. त्या गृहस्थांनी पुढे मथळेच आखूड केले, हा अनपेक्षित फायदा.

हुश्श
म्हणजे मोठ्या मथळ्यांवर उपाय आहे तर! आमच्या साहेबांच्या मेलचा विषयच दोन ओळींचा असतो, त्यांना सांगते ४५ चा पाढा

रात्रपाळी
माझं उलटं. लिंक उघडायची, व्यवस्थित, आणि म्हणायची "ही लिंक आधीच वापरली गेली आहे". मी? कधी? पासवर्ड बदलायची लिंक, मेल येऊन अर्धा मिनिटही झालं नव्हतं. तीनदा नवी मागवली, तीनदा तेच. मला वाटलं माझ्या मेलमध्ये कोणीतरी बसलंय. घाबरून सगळीकडचे पासवर्ड बदलायला घेतले आणि त्यांच्याही लिंका "आधीच वापरलेल्या"!

ऑफिसच्या मेलवर सुरक्षेचा स्कॅनर होता. मेल आपल्यापर्यंत यायच्या आधी तो प्रत्येक लिंक उघडून बघतो, आत काही विषारी नाही ना. एकदाच चालणारी लिंक त्याच्याच हातून खर्च. शेवटी खाजगी पत्त्यावर मागवली तेव्हा सुटलो. आता काही ठिकाणी लिंक उघडल्यावर आणखी एक बटण दाबावं लागतं, किंवा लिंकऐवजी सहा आकडी कोड येतो, त्यामागे हेही एक कारण. त्या जादाच्या बटणावर मी आधी वैतागायचो.

कुंपणावरून
+१ स्कॅनर. बाकी निळीशाई, आईचं काय झालं?

निळीशाई
चालूच आहे. आता म्हणतेय दाबलं की मोठं होतं. काय मोठं होतं विचारलं तर "सगळंच". संध्याकाळी जाऊन बघते.

घड्याळजी
जुना डेस्कटॉप. मेलमधली कुठलीही लिंक उघडा, लाल त्रिकोण, कनेक्शन सुरक्षित नाही. तीन दिवस अँटीव्हायरस, इंटरनेटवाले, सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. मग मुलगी म्हणाली, बाबा, कोपऱ्यात २००९ साल दाखवतंय. मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर२०३२, तो संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. साइट खरी असल्याचं एक प्रमाणपत्र असतं, त्याला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. २००९ मधल्या संगणकाला आजचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही. सेल बदलला, तारीख लावली. मुलगी अजून ऐकवते.

पायवाट
फोनवर बघताय तर एक लक्षात ठेवा, मेलच्या अ‍ॅपमध्ये लिंक बऱ्याचदा अ‍ॅपच्या पोटातल्याच छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे तुमचं लॉगिन नसू शकतं. म्हणून "आधी लॉगिन करा", केलं की मुखपृष्ठावर, लिंक हरवली. तीन टिंबं दाबून ब्राउझरमध्ये उघडा म्हणायचं. आयफोनवर तर २०२० पर्यंत, आयओएस १४ येईपर्यंत, डिफॉल्ट ब्राउझर बदलताच यायचा नाही. घाईत आहे, चुका सांभाळून घ्या

उंबरठा
अहो मी अजून इथेच आहे

खटपट्या
सॉरी सॉरी. उजवं क्लिक करून लिंकचा पत्ता कॉपी करा, ब्राउझरमध्ये स्वतः पेस्ट करा. उघडली तर लिंक ठीक, बिघाड डिफॉल्ट ब्राउझरच्या जोडणीत, वर लिहिलंय तसं करा. तशीही नाही उघडली तर लिंकमध्येच खोट, पत्ता शेवटपर्यंत नीट वाचा. आणि मेल स्पॅममध्ये पडलेला नाही ना? तिथे काही प्रोग्राम लिंका मुद्दाम मारून ठेवतात.

कुंपणावरून
तेच लिहिणार होतो. आमचे काका स्पॅममधली लिंक उघडत नाही म्हणून माझ्यावर चिडले. दिसायला नाव एका ठिकाणचं, कर्सर नेऊन बघितलं तर खाली पत्ता भलताच. मी म्हटलं, काका, न उघडणं हीच दुरुस्ती आहे. दोन दिवस अबोला.

निळीशाई
आईकडून लिहितेय. मावशीने मेल पुढे पाठवलाच नव्हता. मेलचा फोटो काढून पाठवला होता. आई तीन दिवस फोटोतल्या निळ्या अक्षरांवर दाबतेय.

हुश्श
मेले मी

घड्याळजी
आता मावशीला "फॉरवर्ड" शिकवायला कोण जाणार?

निळीशाई
भावाला पाठवतेय, एल आणि एक ओळखणाऱ्याला.

उंबरठा
खटपट्या, सापडलं! पत्त्याच्या शेवटी पूर्णविराम आणि कंस दोन्ही चिकटले होते, वाक्यातले. काढले, लगेच उघडली. पान म्हणतंय मुदत काल संपली.