तटाला लागून घर: जुन्या इंग्रजी गावांच्या शेजाऱ्यांनो, लिहा

तटाबाहेरची

इंग्लंडात राहते म्हटलं की नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे लंडनच येतं. आम्ही नऊ वर्षं यॉर्कमध्ये आहोत, आणि तेही फोटोत दिसणाऱ्या, जुन्या तटाच्या आतल्या यॉर्कमध्ये नाही. मिकलगेट बारमधून बाहेर पडून दहा-बारा मिनिटं चाललं की बिशपथॉर्प रोड लागतो. त्याच्या आडव्या गल्ल्यांमध्ये एकाला एक चिकटलेली लाल विटांची घरं आहेत, त्यातलं एक आमचं. पुढे दोन पावलांचं अंगण, मागे फरसबंद चौक आणि त्याच्यामागे कचऱ्याचे डबे ठेवायचा बोळ.

पहिला महिना पत्ते समजून घेण्यात गेला. इथे रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार आणि बारला पब! ‘गेट’ हा व्हायकिंगांच्या भाषेतून आलेला रस्ता. ‘बार’ म्हणजे आपली वेस. एवढं कळलं की गाव निम्मं कळलं.

बाकी निम्मं पार्किंगमध्ये आहे. आमच्या गल्लीत रहिवाशांना परवाना लागतो आणि पाहुण्यांसाठी वेगळी परवानगी काढावी लागते. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मी ती द्यायला विसरले. नळाच्या खर्चापेक्षा दंड जास्त झाला आणि तो गुमान मीच भरला. ऑगस्टमध्ये नेव्ह्‌समायरवर एबर महोत्सवातल्या घोड्यांच्या शर्यती असतात. सकाळी पिसांच्या टोप्या घातलेल्या बायका डौलात दारावरून जातात आणि संध्याकाळी त्याच बायका उंच टाचांचे बूट हातात घेऊन अनवाणी परत येतात. एकीने तर आमच्या पायरीवर बसून माझ्याकडे चपला मागितल्या. दिल्या. कोल्हापुरी होत्या, परत आल्या नाहीत.

तर अशा गावांत कोणकोण राहतंय? रोजचं लिहा. पूर, कचरा, घंटा, पाहुणे, घरमालक, काहीही. प्रेक्षणीय स्थळांची यादी मात्र नको, ती कुठेही मिळते.

गोदाकाठ

अगं, मीही याच गावातली! पण तुझ्यापेक्षा नदीला जवळ, क्लेमेंथॉर्पमध्ये. माहेर नाशिक, पंचवटी. म्हणजे पुराने काही माझी पाठ सोडली नाही.

लहानपणी पाणी किती चढलंय ते दुतोंड्या मारुतीवरून कळायचं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. इथे किंग्ज स्टेथवर किंग्ज आर्म्स नावाचा पब आहे, तो वर्षातून कितीदा तरी पाण्यात जातो. आत एक पट्टी लावलीय आणि तिच्यावर कुठल्या साली पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा आहेत. ती पाहिली आणि म्हटलं, चला, इथलाही मारुती सापडला.

नाशिकशी एक फरक आहे. इथे पाऊस आपल्या डोक्यावर पडलाच पाहिजे असं नाही. तो वर डेल्सच्या डोंगरांत पडतो, स्वेल, यूर आणि निड या नद्या ते पाणी खाली आणतात आणि एखाद्या दिवसाने आमची ऊज फुगते. आकाश निळंशार, ऊन पडलेलं आणि राउनट्री पार्कात बाकांचे फक्त माथे दिसताहेत, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

२००० सालच्या नोव्हेंबरात नदी नेहमीच्या पातळीपेक्षा पाच मीटरहून अधिक चढली होती, त्याच्या गोष्टी शेजारच्या आजी अजून सांगतात. २०१५ ची गोष्ट मात्र वेगळी. फॉस नावाची छोटी नदी ऊजला मिळते, तिथे १९८७ पासून एक अवाढव्य लोखंडी दार आहे. ऊज चढली की दार खाली सोडायचं, म्हणजे तिचं पाणी फॉसमध्ये उलटं घुसत नाही, आणि फॉसचं पाणी पंपाने उचलून पलीकडे टाकायचं. त्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी पंपघरातच पाणी शिरायला लागलं. यंत्रणा बंद पडून दार खालीच अडकून बसेल या भीतीने ते वर घ्यावं लागलं आणि फॉसकाठची शेकडो घरं बुडाली. आम्ही त्यानंतर दीड वर्षाने आलो. घर बघताना मला एकच प्रश्न पडला होता, विजेचे सॉकेट कमरेच्या उंचीवर का? एजंट म्हणाला, वाकायला नको म्हणून. आजींनी खरं काय ते नंतर सांगितलं.

विम्याचं तर विचारूच नका. पहिल्या कंपनीने पत्ता ऐकून जो आकडा सांगितला त्यात गावाकडे विहीर बांधून झाली असती. मग फ्लड री ही योजना कळली. २०१६ पासून पूरग्रस्त भागातल्या घरांच्या पुराचा बोजा विमा कंपन्या तिच्याकडे देऊ शकतात, त्यामुळे हप्ता आवाक्यात येतो. मात्र घर २००९ च्या आधीचं हवं. आमचं आहे शंभर वर्षं जुनं, पहिल्यांदाच त्याचा आनंद झाला.

फोनवर इशारा आला की आमची ठरलेली कवायत सुरू होते. तांदळाचं पोतं, मिक्सर, कुकर आणि देव, सगळं जिन्यावर. मागच्या खेपेला शेजारचे आजोबा मदतीला आले. आधी काय उचलू म्हणाले. मी देवांकडे बोट दाखवलं, तर त्यांनी बाळकृष्ण दोन्ही हातांत अंड्यासारखा धरला आणि एकेक पायरी मोजत वर नेला. पोतं मग मीच ओढलं.

सीगलत्रस्त

बाथ, ओल्डफील्ड पार्क. गाव सुंदर आहे, मान्य. सगळं एकाच मधाच्या रंगाच्या दगडाचं, १९८७ पासून आख्खं शहर जागतिक वारसा यादीत. आम्ही नदीच्या अलीकडे, अर्ध्या गल्लीत कॉलेजची पोरं आणि अर्ध्या गल्लीत त्यांच्या नावाने बोटं मोडणारे.

पण पोरं परवडली, सीगल नकोत. समुद्र इथून कितीतरी दूर, तरी हे पक्षी गच्च्यांवर अंडी घालतात आणि कचऱ्याच्या दिवशी पहाटे साडेचारला सभा भरवतात. काळी पिशवी दाराबाहेर ठेवली की संपलं. म्हणून इथे जाड कापडाच्या, चोचीने न फाटणाऱ्या पिशव्या मिळतात, तिच्यात काळी पिशवी घालून ठेवायची. आम्ही नवे होतो, आदल्या रात्री सुकटाची चटणी केली होती. सकाळी पाहतो तर सुकटाची डोकी, कोथिंबिरीच्या काड्या आणि लसणाची सालं शेजारणीच्या पायरीवर नक्षी काढल्यासारखी. ती बाई काही बोलली नाही. दुपारी आमच्या दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आली: ‘पिशवी कुठे मिळते ते खाली लिहिलंय. आणि तो वास कसला होता? वाईट नव्हता.’ आता तिला दर महिन्याला एक बाटली चटणी जाते.

बाकी, रहिवाशांना कार्ड दाखवून रोमन बाथ फुकट बघता येतं, त्यामुळे पाहुणा आला की मी वाटाड्या. मावशी वज्रेश्वरीच्या सवयीने टॉवेल घेऊन आली होती. ४६ अंशांचं पाणी डोळ्यांसमोर वाफाळतंय आणि बोट बुडवायचीही मनाई! ‘मग बांधलं कशाला?’ असं तिने तिथल्या रोमन वेषातल्या माणसाला मराठीत विचारलं.

डरहॅमवाला

माझं दोन ओळींत. डरहॅमच्या व्हायाडक्ट भागात राहतो, सगळी विद्यार्थ्यांची घरं. जुलैतल्या एका शनिवारी सकाळी ब्रासबँडने जाग आली, खिडकीतून पाहिलं तर रेशमी निशाणं घेऊन माणसंच माणसं. १८७१ पासूनचा खाणकामगारांचा मेळावा. खाणी कधीच्या बंद झाल्या, निशाणं मात्र निघतातच. व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, विसर्जन आहे का रे?

पुलापलीकडे

ऑक्सफर्ड, सेंट क्लेमेंट्स. पुलाचं नाव लिहायचं मॅग्डालेन आणि म्हणायचं मॉडलिन, हे टॅक्सीवाल्याने पहिल्याच दिवशी शिकवलं. जरा रागावूनच.

१ मेला पहाटे सहाला पुलाशेजारच्या मॉडलिन कॉलेजच्या मनोऱ्यावरून मुलं गातात आणि ते ऐकायला पूल माणसांनी भरतो. वाचायला रम्य आहे. पण आदली आख्खी रात्र ती माणसं आमच्या खिडकीखाली जागून काढतात, हे कुणी लिहीत नाही. एका वर्षी चिडून खाली गेले ओरडायला, तर कोट-टाय घातलेला एक मुलगा आमच्या कचऱ्याच्या डब्याला टेकून गाढ झोपलेला. त्याला उठवलं, चहा दिला आणि मग त्याच्याबरोबरच पुलावर गेले. सहाला घंटा थांबली आणि हजारो माणसं एकदम गप्प झाली. वरून आवाज इतका बारीक येतो की श्वास रोखून ऐकावं लागतं. तेव्हापासून १ मेची तक्रार करणं सोडलं. दुसऱ्या दिवशीच्या बाटल्यांची करते.

भेंडी आणि कढीपत्ता काउली रोडवर मिळतो, तेवढं सुख. आणि मुलीला एक खेळ लावून दिलाय, ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाला एका इमारतीच्या शेंड्यावर वारा दाखवणारा हत्ती आहे, तो आज कुणीकडे बघतोय ते आधी सांगायचं. ती जुनी इंडियन इन्स्टिट्यूट, संस्कृत कोशवाल्या मोनिअर-विल्यम्सच्या खटपटीने उभी राहिलेली. पंधरा वेळा समोरून गेल्यावर मला तो हत्ती दिसला. मुलीला पहिल्याच दिवशी.

तटाबाहेरची

वा, सगळेच! गोदाकाठ, आपण एका गावात राहून इथे भेटतोय, रविवारी चहाला ये. गाडी नको आणूस.

मावशींवरून आमच्या बाबांची आठवण आली. साताऱ्याचे, अजिंक्यतारा पाठ. इथला तट सव्वातीन-साडेतीन किलोमीटर, चालायला फुकट, त्यामुळे ते तीन महिने रोज वर. ‘किल्ल्यावरून लोकांची परसं दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, हे काही बरं नाही’, असं रोज म्हणायचे आणि रोज कुणाच्या परसात काय फुललंय ते येऊन सांगायचे. एप्रिलमध्ये तटाच्या उतारावर डॅफोडिल इतके फुलतात की हिरवं दिसत नाही. ते मात्र आपल्या कासच्या पुष्पपठारापेक्षा कमी आहेत, हे त्यांचं ठाम मत.

अंधार पडला की तटाची दारं बंद करतात, हे मी सांगितलं होतं. एका संध्याकाळी ते येईनात. फोन घरीच. मी आणि नवरा धावत मंक बारला पोचलो, तर बाबा खाली उभे, किल्लीवाल्याशी गप्पा मारत. बाबांचं इंग्रजी बेताचं आणि त्याचं यॉर्कशरचं. दोघंही कुलपाकडे बोट दाखवून बोलत होते. मला पाहून बाबा म्हणाले, ‘अगं, याला विचार, तेल कुठलं घालतो. आपल्या वाड्याची कडी कुरकुरते.’