टिळकवाडी (बेळगाव) रो-हाऊस ग्रुप: ४ नंबरच्या टबाचं पाणी

४ नंबर: काय ओ, गच्चीवरच्या गरम पाण्याच्या टबाला आज क्लोरीनचा वास लई मारतोय. डोळेपण चुरचुरतात. औषध जास्त पडलं वाटतं. दोन दिवस तसंच सोडू काय?

सेक्रेटरी: अर्धं पाणी काढा आणि बोअरचं भरा की ओ.

९ नंबर (गोवा): थांबा, थांबा, बोअरचं नको. वास येतोय म्हणजे क्लोरीन जास्त नाही, कमी पडलंय. घाम, तेल, साबण यांच्याशी जुंपून जे क्लोरीन वापरलं जातं त्याचं क्लोरामाइन होतं, वास त्याचा. इथं हॉटेलात पाहुणे रोज हीच तक्रार करतात. पाणी तपासायची पट्टी बुडवून फोटो टाका.

४ नंबर: 📷 मोकळं (अजून न वापरलेलं) क्लोरीन १ च्या खाली. पीएच ८.२. अल्कलिनिटी १६०.

७ नंबर काकू: खाण्याचा सोडा घाल रे. माझी बहीण घालते.

९ नंबर (गोवा): नको काकू. सोड्यानं अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद) वाढते, इथं ती आधीच जास्त आहे. ८० ते १२० पाहिजे. त्यात जेट (टबातले फवारे) चालू ठेवले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच आपोआप वर चढतो. पीएच ८ च्या वर गेला की क्लोरीनचा पाव भागसुद्धा जंतू मारायच्या कामी येत नाही. ७.२ ला हेच प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणून आधी पीएच, मग क्लोरीन. पीएच उतरवायला सोडियम बायसल्फेट थोडं थोडं घाला, मिसळेपर्यंत जेट चालू ठेवून, अर्ध्या तासानं पुन्हा पट्टी.

४ नंबर: मग क्लोरीन किती?

९ नंबर (गोवा): टब १२०० लिटरचा ना? ५६ टक्के क्लोरीनवाली डायक्लोर पूड २१ ग्रॅम, वजन करून. त्यानं १० पीपीएमपर्यंत (लिटरला १० मिलिग्रॅम) जाईल. झाकण उघडं, जेट चालू, आत कुणी उतरायचं नाही. एरवी ३ च्या खाली येऊ द्यायचं नाही. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं, त्यामुळं रोज तपासणी.

११ नंबर: माझ्याकडं टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर हाय. तीच टाक की, कशाला पैसे घालवतोस.

९ नंबर (गोवा): 🙏 अजिबात नको. डायक्लोरचा चमचा चुकून ब्लीचिंगच्या डब्यात गेला तरी पेट घेऊ शकेल. दोन्ही एका कपाटातसुद्धा ठेवू नका. शिवाय पावडरीचा चुना तळाला बसतो.

२ नंबर (डॉक्टर): क्लोरीन कमी असताना कोण कोण बसलं होतं? टबातल्या स्यूडोमोनास जंतूनं लाल, खाजरे फोड येतात, पोहायच्या कपड्याखाली जास्त. बहुतेकदा आपोआप जातात. तरी ताप आला तर मला कळवा. आणि तापमान ४० च्या वर नको. पाच वर्षांखालची पोरं तर टबात नकोतच.

४ नंबर: भाचीला पाठीवर आलेत की ओ चार-पाच 😟

२ नंबर (डॉक्टर): संध्याकाळी घेऊन या.

सेक्रेटरी: बोअरचं पाणी का नको ते राहिलंच.

९ नंबर (गोवा): तुमच्याच बादलीच्या कडेचा पांढरा थर बघा. तोच हीटरवर चढतो. लोह असलं तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होतं. कॉर्पोरेशनचं, राकसकोप धरणाचं भरा. पावसात गढूळ आलं तर त्या दिवशी भरू नका. फिल्टर काढून आठवड्याला नळाखाली धुवा, तिथं चिकट थर बसला की वरून कितीबी औषध ओता. डायक्लोरचं सायन्युरिक आम्ल साठत जातं, ते क्लोरीनला मंद करतं आणि पाणी बदलल्याशिवाय निघत नाही. म्हणून तीन-चार महिन्यांनी सगळं पाणी नवं.

७ नंबर काकू: आणि पाहुण्यांनी तेल चोपडून उतरायचं नाही! मागच्या वेळी केवढा फेस.

९ नंबर (गोवा): काकू बरोबर. साबण न लावता आधी अंग धुवून यायला सांगा. निम्मं औषध तिथंच वाचतं.

११ नंबर: पाणी काढाल तेव्हा मला द्या की, नारळाला.

९ नंबर (गोवा): चालेल, पण झाकण उघडं ठेवून पट्टीवर क्लोरीन शून्य येऊ दे. कोमट असताना मुळाशी ओतू नका.

सेक्रेटरी: गटारीत सोडायचं असलं तर सकाळी नऊच्या आत नको. ५ नंबरवाल्यांच्या दारात तुंबतं.