धनकवडीत फ्लॅट घेतोय, पण गाड्यांच्या तोडफोडीमुळे पुढे भाव मिळेल का?

अनघा_के
पुण्यात धनकवडीला जुन्या सोसायटीत रीसेलचा टू बीएचके बघितलाय. मालक ६८ लाखांवरून ६१ वर आलेत. एजंट म्हणतो, काकांना मुलाकडे जायची घाई आहे. पण खाली पार्किंगमध्ये एका वॅगनआरच्या मागच्या काचेला पुठ्ठा चिकटवलेला दिसला. वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, "रात्री पोरं कोयते घेऊन आली, दिसेल ती गाडी फोडत गेली." मुलगी क्लासवरून रात्री उशिरा येते, त्यामुळे जीव धजावत नाही. आणि दुसरीकडे या पैशात एवढं घर कुठेच नाही.

तळजाईकर
ताई, मी इथलाच. आमच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर घरफोडी झाली, दागिने गेले, तरी पुढच्याच महिन्यात शेजारचा फ्लॅट ठरल्या भावाला गेला. गाड्या फुटल्या तेव्हा मात्र ठरलेलं गिऱ्हाईक टोकन परत घेऊन गेलं. चोरी दाराआड राहते, फुटलेली काच येणारा प्रत्येक जण बघतो. शिवाय सगळी धनकवडी सारखी नाही. शनिवारी रात्री अकरानंतर त्या गल्लीत मुलीला घेऊन चालून या. दुकानं कधी बंद होतात, टपरीवर कोण बसतं, दिवे चालू आहेत का, सगळं कळेल.

प्राध्यापक_एस
वरचा अनुभव खरा आहे. स्टीफन गिबन्स यांनी लंडनच्या घरांच्या किमतींचा अभ्यास केला होता, २००४ साली प्रसिद्ध झाला. घरफोड्यांचा किमतींवर मोजण्याजोगा परिणाम त्यांना सापडला नाही, मालमत्तेच्या तोडफोडीचा मात्र ठळक सापडला. अशी तोडफोड दिसली की वस्ती घसरणीला लागली असं लोक धरून चालतात, असा त्यांचा अंदाज. म्हणजे तुम्हाला मिळणारी सूट पुढे तुमच्या गिऱ्हाइकालाही द्यावी लागू शकते. गल्ली सुधारली, तरच ती तुमच्या खिशात राहील.

मुद्रांकवाली
व्यवहाराचं सांगते. रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला त्या भागातला जागेचा दर, गुन्हे बघून खाली येत नाही. करार रेकनरपेक्षा कमी किमतीचा झाला तरी मुद्रांक शुल्क रेकनरच्याच किमतीवर भरावं लागतं. त्यात फरक १० टक्क्यांच्या वर आणि ५० हजारांहून जास्त असेल, तर तो इन्कम टॅक्समध्ये तुमचं उत्पन्न धरला जातो. म्हणून भाव पाडण्याआधी रेकनर काढा. दुसरं, महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ठाणं आणि तारीख टाकून एफआयआर बघता येतात. सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेशच आहे तसा. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील एफआयआर तिथे नसतात, हे मात्र लक्षात ठेवा.

अनघा_के
तळजाईकर, शनिवारी मुलीला घेऊन येतेच. तिचा जीव धजावला नाही, तर ६१ काय नि ५५ काय, हे घर नको. धजावला, तर रेकनर बघून ५८ पासून बोलायला सुरुवात करते.